मागच्या कप्प्यांचा 120 लिटरचा रीफ टँक: क्लाउनफिशला चालतो, अ‍ॅनिमोनीसाठी चालवून घ्यावा लागतो

आधी निकाल सांगते, कारण बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं. मागे तीन कप्पे, वर एलईडी आणि खोक्यातच पंप असलेला हा 120 लिटरचा तयार रीफ टँक (प्रवाळं आणि समुद्री जीव ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक) क्लाउनफिशच्या जोडीसाठी उत्तम आहे, बिनधास्त घ्या. अ‍ॅनिमोनी, म्हणजे क्लाउनफिश जिच्यात राहतात तो फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, ठेवायची असेल तर मात्र तो खोक्यातून निघतो तसा पुरत नाही. त्याला तीन गोष्टींची जोड द्यावी लागते, आणि त्या तिन्हींबद्दल माहितीपत्रकात अवाक्षर नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही. ही बांधणी अनेक कंपन्यांची थोड्याफार फरकाने अशीच असते आणि मला जे सांगायचंय ते या बांधणीबद्दलच आहे.

मी बरीच वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलं. ब्युरेट हातात धरायची सवय असल्यामुळे टँक किती देखणा दिसतो यापेक्षा त्यातले आकडे किती स्थिर राहतात, हे मी आधी बघते. अ‍ॅनिमोनीही नेमकं तेच बघते. तिला ना कवच, ना सांगाडा. पेशींचे दोन पातळ थर, मधे जेली, आणि आत-बाहेर तेच पाणी. मासा वाईट पाण्यातही काही काळ तग धरतो. अ‍ॅनिमोनीला आडोसाच नाही. म्हणून या टँकचा हिशेब मी माशांवरून नाही, तिच्यावरून मांडणार आहे.

खोक्यावर एक चित्र आहे. पांढरीशुभ्र वाळू, लाइव्ह रॉकचे, म्हणजे जिवाणू वसलेल्या समुद्री दगडाचे, दोन तुकडे, त्यावर पूर्ण फुललेली अ‍ॅनिमोनी आणि तिच्यात लोळणारे दोन नारिंगी मासे. दगडावर शेवाळाचा एक ठिपका नाही, म्हणजे टँक अगदी कोरा. खाली ओळ आहे: पहिल्या दिवसापासून तयार. या ओळीचा मला मनापासून राग आहे. नव्या टँकमध्ये अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर बसायलाच साधारण चार ते सहा आठवडे जातात. सोबत दिलेल्या जिवाणूंच्या बाटलीने हा काळ थोडा कमी होतो, नाहीसा होत नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि तिथेच टिकले की क्लाउनफिश आणता येतात. अ‍ॅनिमोनीसाठी त्यानंतरही थांबायचं. किमान सहा महिने, जमलं तर वर्षभर. तपकिरी शेवाळ येऊन जाऊ दे, हिरवं येऊन आटोक्यात येऊ दे, दगडांवर गुलाबी-जांभळा कोरलाइनचा, म्हणजे एका कडक शेवाळाचा, थर धरू लागू दे. त्या थराचा अर्थ असा की कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची पीएच स्थिर ठेवायची क्षमता) काही काळ एका जागी राहिली आहेत. निसर्गात कित्येक दशकं जगू शकणारा हा प्राणी कोऱ्या टँकमध्ये काही आठवड्यांत विरघळून जातो, आणि घेणाऱ्याला वाटतं की अ‍ॅनिमोनीच नाजूक होती.

आता बांधणी. काच जाड आणि स्वच्छ आहे, काठ घासलेले, सिलिकॉनच्या शिवणी सरळ. मागे काळ्या अ‍ॅक्रिलिकचा पडदा आणि त्यामागे तीन कप्पे. पडद्याच्या वरच्या काठाला कंगव्यासारखे दाते आहेत. त्या फटींतून पाणी पहिल्या कप्प्यात पडतं, तिथे स्पंज, मग मधला कप्पा, मग तिसऱ्यात पंप, आणि पंपातून पाणी परत पुढे. पृष्ठभागावरची तेलकट साय या फटी सतत ओढून घेतात, त्यामुळे पाणी आरपार दिसतं आणि हवेशी देवाणघेवाण चांगली होते. हीटर, कार्बनची पिशवी, नळ्या असा सगळा पसारा मागे लपतो. पंपाचा आवाज कान देऊन ऐकला तरच येतो. इतकं सगळं एका खोक्यात बसवणं सोपं नाही, आणि ते त्यांनी नीट बसवलंय.

पण याच बांधणीत एक गोष्ट दडलेली आहे. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. साध्या टँकमध्ये पाणी घटलं की समोरच्या काचेवर दिसतं. इथे समोरची पातळी दात्यांच्या उंचीने ठरते, म्हणून ती हलतच नाही. घटतं ते फक्त पंपाच्या कप्प्यातलं पाणी, पडद्यामागे, अंधारात. समोरून बघणाऱ्याला टँक कायम भरलेला दिसतो. पंप हवा ओढू लागतो आणि टँकभर बारीक बुडबुड्यांचं धुकं पसरतं, तेव्हा पहिल्यांदा कळतं की पाणी किती उडालं.

हा हिशेब कागदावर करून बघा. दगड-वाळू वजा जाता प्रत्यक्ष पाणी 100 लिटर धरलं आणि खारेपणा हजारी 35, म्हणजे हजार भागांत 35 भाग क्षार. रोज दीड लिटर उडालं तर तीन दिवसांत साडेचार लिटर जातं आणि 35 चे 36.6 होतात. मग कुणीतरी बादली आणून साडेचार लिटर गोडं पाणी एकदम ओततं, आणि काही मिनिटांत 36.6 चे पुन्हा 35. माशाची मूत्रपिंडं आणि कल्ले हा धक्का पचवतात. अ‍ॅनिमोनीच्या अंगातलं पाणी मात्र बाहेरच्या पाण्याबरोबर वर-खाली होतं. ती मिटते, तोंड सैल सोडते, जागा सोडून चालू लागते. लोक मग लाइट बदलतात, खाणं बदलतात, दगड हलवतात. मला कुणीही विचारलं की अ‍ॅनिमोनी सारखी का फिरते, तर मी आधी विचारते, पंपाच्या कप्प्यात पाणी कुठवर आहे?

म्हणून या टँकला पहिली जोड ऑटो टॉप-ऑफची. पातळी ओळखणारा सेन्सर, एक चिमुकला पंप आणि गोड्या पाण्याची टाकी. सेन्सर तिसऱ्या कप्प्यातच लावायचा. बाकी कुठे लावून उपयोग नाही, कारण पातळी तिथेच बदलते. एका सेन्सरवर विसंबणारा संच घेऊ नका. प्रकाशावर चालणारा एक आणि वर सुरक्षेसाठी तरंगता दुसरा, असा जोडसंच घ्या, कारण गोगलगाय सेन्सरवर येऊन बसली की पहिल्याची फसगत होते. आणि टाकी पाच लिटरचीच ठेवा. मोठी टाकी सोयीची वाटते, पण दोन्ही सेन्सर फसले तर सगळं पाणी आत जाणार. पाच लिटर गेलं तर 35 चे 33.3 होतील, सावरता येईल. पंचवीस लिटर गेलं तर काहीच हातात राहणार नाही, फरशीवरचं पाणी वेगळंच. नळीचं तोंड पाण्याच्या वर टांगतं ठेवा, बुडवलंत तर पंप थांबल्यावर टँकचं खारं पाणी उलटं टाकीत उतरतं. टाकीत फक्त आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढून टाकलेलं, पाणी, टीडीएस (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) मीटरवर शून्य दाखवणारं. उडालेल्या पाण्याच्या जागी मिठाचं पाणी घालणारेही मी पाहिलेत. त्याने खारेपणा रोज थोडा थोडा चढत जातो आणि कारण सापडत नाही.

याच कप्प्याबद्दल आणखी एक. माहितीपत्रकातल्या आकृतीत हीटर पंपाशेजारी, तिसऱ्या कप्प्यात दाखवलाय. तिथे लावू नका. पाणी घटलं की हीटरची वरची बाजू उघडी पडते आणि तापलेली काच तडकण्याची भीती असते. मधल्या कप्प्यातली पातळी पडद्यांमुळे स्थिर राहते, तिथे हीटर सुखाने बुडालेला असतो. तापमान 25-26 अंशांवर ठेवा. गरम दिवसांत वरून पंखा लावला तर पाणी थंड होतं, पण वाफही वाढते, म्हणजे पुन्हा टॉप-ऑफच लागतो. सोबतचं काचेचं झाकण मी काढून टाकलं आणि बारीक जाळीचं बसवलं. काचेखाली उष्णता कोंडते, आणि झाकणच नसेल तर क्लाउनफिश उडी मारून बाहेर पडू शकतात.

दुसरी जोड त्या दात्यांसाठी. फटी इतक्या रुंद आहेत की बारकी गोगलगाय सहज मागे जाते. एका सकाळी लाइट लागायच्या आधी टॉर्च मारला, तर अ‍ॅनिमोनी पडद्यावर चढून थेट दात्यांखाली पोचली होती. चार-पाच शुंडकं, म्हणजे तिच्या बोटांसारख्या लवचिक भुजा, फटींतून आत ओढली गेली होती आणि पाण्याच्या जोराने ताणून दोऱ्यासारखी झाली होती. पंप बंद केला. हात लावला नाही. अशा वेळी ओढून काढायची घाई करू नये, पाय (दगडाला चिकटणारा तिचा तळ) किंवा शुंडकं फाटली की जखमेतून कुजायला सुरुवात होते. तासाभरात तिने एकेक शुंडकं स्वतः परत घेतलं, दोन टोकांना पांढरट झालेली होती, ती नंतर भरून आली. त्याच दिवशी दात्यांच्या आतल्या बाजूने दोन मिलिमीटर भोकांची प्लास्टिकची जाळी केबल टायने बांधली. जाळी आठवड्याला ब्रशने घासावी लागते, नाहीतर ती तुंबते आणि समोरची पातळी वर चढते. तेवढं काम मान्य करूनच अ‍ॅनिमोनी आणा.

कंपनी वेगळा विकते तो वेव्हमेकर, म्हणजे पाण्यात प्रवाह उठवणारा पंखा, याहून घातक आहे. त्याचा पिंजरा मोठ्या फटींचा. त्यात ओढली गेलेली अ‍ॅनिमोनी चिंधड्या होऊन बाहेर येते, आणि ते एकटीचं मरण नसतं. काही तासांत अमोनिया चढतो आणि मासेही जातात. वेव्हमेकरवर स्पंजचं आवरण चढवा, किंवा या मापाच्या टँकमध्ये तो वगळाच. परतीच्या पंपाची दोन तोंडं एकमेकांवर आपटतील अशी वळवली की शुंडकं हलकी डुलतील इतका प्रवाह मिळतो. एका बाजूने सतत झोत लागला तर ती तिथून उठते.

ती उठू नये यासाठी दगडांची रचना विचार करून करा. बबल-टिपला, म्हणजे शुंडकांच्या टोकांना बुडबुड्यासारखे फुगे असलेल्या या अ‍ॅनिमोनीला, पाय खोल खोबणीत लपवायला आवडतं आणि शुंडकं उजेडात पसरायला. दगडात मुठीएवढं भोक असेल, मागून थोडा अंधार आणि वरून प्रकाश, तर ती तिथे बसते. आणल्या दिवशी थेंब-थेंब पाण्याने सवय लावून तिला त्या भोकाशी सोडा, पंप अर्धा-एक तास बंद ठेवा, पाय धरला की हळूच सुरू करा. दगड वाळूवर नुसते रचू नका, तळाच्या काचेवर पक्के टेकवा. ती पाय रोवते, फुगते आणि सैल दगड हलवू शकते.

लाइटबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं आणि तिथेच तक्रारीला सगळ्यात कमी जागा आहे. पांढरा आणि निळा असे दोन वेगळे नियंत्रक, सकाळ-संध्याकाळ हळूहळू चढणारा-उतरणारा उजेड. उसना मीटर आणून मधल्या उंचीवर पीएआर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड) मोजला तो 200 च्या आसपास भरला. बबल-टिपला हे भरपूर आहे. तिच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाळं, झूझँथेली, या उजेडावर साखर बनवतात आणि तिचं बहुतांश पोषण त्यातूनच होतं. फक्त पहिल्या दिवशी पूर्ण जोर देऊ नका. निम्म्याने सुरू करून तीन-चार आठवड्यांत चढवा. एकदम प्रखर उजेडातही ती शैवाळं टाकून देते आणि पांढरी पडते.

सोबतचा खारेपणा मोजायचा हायड्रोमीटर, तो हलत्या काट्याचा, बाजूला ठेवा. काट्याला एक बुडबुडा चिकटला की आकडा वर सरकतो, आणि बुडबुडे चिकटतातच. ही तिसरी जोड: रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या वक्रीभवनावरून खारेपणा मोजणारं उपकरण, आणि त्याबरोबर हजारी 35 चं प्रमाणित द्रावण. बरेच जण शुद्ध पाण्यावर शून्य जुळवून समाधान मानतात. शून्यावर अचूक असलेलं उपकरण 35 वर चुकीचं असू शकतं. ज्या भागात मोजायचं त्याच भागात जुळवायचं, हा प्रयोगशाळेतला साधा नियम. 25 अंशांना 1.026 च्या जवळ विशिष्ट गुरुत्व म्हणजे 35. मी तिथेच ठेवते.

बाकी आकड्यांत मला फार नाट्य दिसत नाही. अल्कलिनिटी 8 ते 9 डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम लिटरमागे 420 मिलिग्रॅमच्या आसपास, पीएच 8.1 ते 8.4, नायट्रेट लिटरमागे 5 ते 10 मिलिग्रॅम. नायट्रेट शून्यावर नेण्याच्या मागे लागू नका, तिच्या शैवाळांनाही नायट्रोजन लागतो. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं, तेही टँकच्याच खारेपणाचं आणि तापमानाचं, तर वेगळं काही घालावं लागत नाही. पहिल्या कप्प्यातला स्पंज मात्र दर आठवड्याला टँकच्या काढलेल्या पाण्यात पिळा, नाहीतर त्यात अडकलेला गाळ कुजून नायट्रेट वाढवतो. सोबतचा छोटा स्किमर, म्हणजे फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, आवाजी आहे आणि दोन माशांसाठी गरजेचा नाही. त्या जागी कार्बनची पिशवी ठेवा, प्रवाळं आणि अ‍ॅनिमोनी एकमेकांविरुद्ध पाण्यात जी द्रव्यं सोडतात ती कार्बन शोषतो.

मासे कोणते? या टँकसाठी ऑसिलॅरिस, म्हणजे अ‍ॅम्फिप्रिऑन ऑसिलॅरिस. पैदास केलेलेच घ्या. ते टँकमधलं खाणं जन्मापासून खातात, वाहतुकीने कमी खचतात आणि समुद्रातून एकही मासा कमी होत नाही. दोन लहान, मापात थोडा फरक असलेले घ्या. सगळे क्लाउनफिश जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा पुढे मादी होतो. तिसरा घालू नका, दोघं मिळून त्याला जगू देणार नाहीत. ‘मरून’ नावाच्या गडद लाल जातीचे क्लाउनफिश या टँकमध्ये नकोच, त्यांची मादी मोठी आणि भांडखोर होते.

नवे मासे थेट टँकमध्ये सोडू नका. वेगळ्या भांड्यात चार आठवडे तरी ठेवा. क्लाउनफिशला ब्रूकलिनेला नावाच्या परजीवीचा विशेष त्रास होतो. अंगावर पांढरट चिकट थर, जोरात श्वास, खाणं बंद, आणि एक-दोन दिवसांत मासा हातचा जातो. त्यावर फॉर्मलिनचा उपाय आहे, तोही वेगळ्या भांड्यात, वेळेवर केला तरच. व्हेल्व्हेट नावाचा परजीवी रोग किंवा पांढरे ठिपके आले तर तांब्याचं औषध चालतं, पण रीफ टँकमध्ये तांबं कधीही नाही. अ‍ॅनिमोनी, गोगलगाई, कोळंबी सगळ्यांना ते विष आहे. दोन माशांसाठी साधा छोटा टँक, स्पंज फिल्टर आणि पाइपचा तुकडा पुरतो. कंपनीने खोक्यात बुडबुड्यांचा शोभेचा दगड दिलाय, त्याऐवजी एवढं दिलं असतं तर किती जीव वाचले असते.

अ‍ॅनिमोनी निवडताना एक गोष्ट आधीच स्वीकारा. जगभरात क्लाउनफिशना आसरा देणाऱ्या मोठ्या अ‍ॅनिमोनी साधारण दहा जातींच्या मानल्या जातात. ऑसिलॅरिस समुद्रात त्यातल्या तिघींतच राहतो: मॅग्निफिका, जायगँटिया आणि मर्टेन्सी. बबल-टिप, म्हणजे एंटॅकमिया क्वाड्रिकलर, त्या यादीत नाही. पण त्या तिघी प्रचंड वाढतात, त्यांना जोरदार उजेड-प्रवाह लागतो आणि 120 लिटर त्यांच्यासाठी तुरुंग आहे. बबल-टिप इथे जगते, आणि टँकमधले ऑसिलॅरिस तिला बऱ्याचदा स्वीकारतात. नाही स्वीकारलं तरी कुणाचं काही बिघडत नाही; शत्रू नसलेल्या टँकमध्ये माशाला अ‍ॅनिमोनीची गरज नसते. फक्त मासे खूश व्हावेत म्हणून ती आणू नका. तिची स्वतःची काळजी घ्यायची तयारी असेल तरच आणा.

विकत घेताना तोंड बघा. घट्ट मिटलेलं हवं. पाय अखंड हवा, फाटलेला किंवा सैल लोंबणारा नको. बोटाने नाही, काडीने स्पर्श करा. शुंडकं चिकटली पाहिजेत. रंग तपकिरी, हिरवट, गुलाबीसर लाल, काहीही चालेल. शुभ्र पांढरी म्हणजे झूझँथेली गमावलेली, उपाशी. लिंबासारखा भडक पिवळा किंवा निळाशार दिसला तर रंगवलेली असण्याची शक्यता मोठी, तिकडे पाठ फिरवा. कुणा शौकिनाच्या टँकमध्ये दुभंगून तयार झालेली मिळाली तर सोन्याहून पिवळं. बबल-टिप स्वतःचे दोन भाग करून वाढते, आणि असा तुकडा आधीच टँकच्या जगण्याला सरावलेला असतो. तिला 30 सेंटिमीटरपर्यंत पसरायला जागा धरा. आसपासच्या प्रवाळांना ती डंख करते, म्हणून मी तिच्या दगडावर दुसरं काहीच ठेवलेलं नाही.

माझ्या माशांनी आधी कित्येक आठवडे तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. झोपायचे ते परतीच्या नळीखाली. मग एका दुपारी मोठी मादी बाजूने येऊन शेपटीचं टोक शुंडकांना लावू लागली. लावायचं, झटकन बाजूला व्हायचं, पुन्हा यायचं. मग पोटाखालचे पर, मग सगळं अंग तिरकं करून घासणं. संध्याकाळपर्यंत ती आत वळसे घेत होती आणि नर बाहेर घिरट्या घालत होता. तो दुसऱ्या दिवशी गेला. त्यानंतर अ‍ॅनिमोनी आधीपेक्षा जास्त फुलू लागली. याला कारण आहे: माशांच्या मलमूत्रातला अमोनिया तिच्या शैवाळांचं खत होतो, आणि रात्री मासे आत हलत राहिल्याने शुंडकांभोवतीचं पाणी खेळतं, तिला ऑक्सिजन मिळतो. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी आहे. 2016 मध्ये उष्ण पाण्यामुळे फ्रेंच पॉलिनेशियातल्या मूरेआ बेटाजवळ बऱ्याच अ‍ॅनिमोनी पांढऱ्या पडल्या, तेव्हा संशोधकांनी त्यांतल्या क्लाउनफिशच्या जोड्यांवर नजर ठेवली होती. पांढऱ्या पडलेल्या अ‍ॅनिमोनीतल्या जोड्यांची तगणारी अंडी 73 टक्क्यांनी घटलेली आढळली. मासे मेले नव्हते, घर आजारी होतं. घरच्या टँकमध्येही मी हाच क्रम मानते: ती ठीक, तर सगळं ठीक.

खायला आठवड्यातून एक-दोनदा मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) किंवा वाटाण्याएवढा कोळंबीचा तुकडा, चिमट्याने अलगद शुंडकांवर. मोठा तुकडा दिला तर ती काही तासांनी ओकते आणि तो टँकमध्ये कुजतो. आधी माशांना खायला घाला, नाहीतर ते तिच्या तोंडातलं ओढून नेतात. अधूनमधून ती आक्रसून लिंबाएवढी होते आणि तोंडातून तपकिरी धागे टाकते. पोट साफ करणं आहे ते. घाबरून हलवू नका. टोकांचे बुडबुडे नाहीसे होऊन शुंडकं लांब सरळ झाली तरी ती आजारी आहे असं नाही. काळजी तेव्हा, जेव्हा तोंड उघडं पडून आतलं बाहेर येतं, शुंडकं चिकटत नाहीत आणि पाय सुटतो. तिथून सडका वास आला तर लगेच बाहेर काढा, पाणी बदला, कार्बन नवा घाला.

भाची हाच टँक घ्यायला निघाली होती. म्हणाली, "मावशी, सगळं एकदमच आणू ना, रोज काय वाट बघायची?" तिला सांगितलं तेच इथे लिहिते. टँक आज घे, टॉप-ऑफ आणि रिफ्रॅक्टोमीटर त्याच्याबरोबरच घे, जाळी अ‍ॅनिमोनीच्या आधी बसव. मासे पुढच्या महिन्या-दीड महिन्यात, तपासण्या शून्यावर टिकल्या की. अ‍ॅनिमोनीसाठी आत्ता बाजूला पैसेही काढू नकोस, दगडांवर जांभळा थर दिसायला लागला की मला फोन कर.

सेवेबद्दल. पंपाचा इंपेलर (आतलं फिरतं पातं) घासून आवाज करू लागला होता, कंपनीने तो प्रश्न न विचारता बदलून दिला. खोक्यावरच्या चित्राबद्दल लिहिलं तर ते फक्त नमुन्यादाखल आहे असं उत्तर आलं. मी पुन्हा लिहिलंय, की चित्र ठेवा, पण अ‍ॅनिमोनी सहा महिन्यांनंतर, एवढी एक ओळ त्याखाली छापा, आणि आकृतीतला हीटर मधल्या कप्प्यात न्या. दात्यांची पट्टी सरकवून निघते, पण सुट्या भागांच्या यादीत ती नाही. दर आठवड्याला घासताना एखादा दाता कधीतरी तुटणारच, आणि तुटल्या जागेतून मासाही मागे जाऊ शकतो. मी मागितल्यावर त्यांनी एक जादा पट्टी पाठवली. तुम्ही टँक घेतानाच मागून ठेवा.